जर्मन तार, भीमाकाठचा भोपळा: मिरज, कोल्हापूर, सावंतवाडी

आत्याच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी गुंज, गेले वर्षभर रुसलेली होती. डोंबिवलीत दोघांना दाखवून झालं, तारा बदलून झाल्या, पण तिच्या मनासारखा आवाज काही लागेना. शेवटी "मिरजेलाच नेऊ" असं तिने परस्पर ठरवलं आणि मला कळवलं. मग एवढं मिरजेपर्यंत जायचंच आहे तर कोल्हापूरला चपला, पुढे आंबोलीवरून सावंतवाडीला लाकडी खेळणी, असा बेत मी त्याला जोडला. जानेवारीचा शेवट होता. हळदीकुंकवांचे दिवस, आणि आत्याच्या पिशवीत वाण म्हणून आलेले प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या आणि एक चायनाचा मोबाइल स्टँड. "यातलं एकही पुढच्या संक्रांतीपर्यंत टिकणार नाही," असं ती पुणे सोडायच्या आत दोनदा म्हणाली. त्यामुळे गाडीत वादाचा विषय आयता मिळाला: बाहेरचा माल वाईट आणि आपलं हातचं चांगलं, हे खरंच एवढं सरळ आहे का?

गुरुवार: मिरज

हायवे सोडून पेठ नाक्याला वळलो की गाळपाचा हंगाम काय असतो ते कळतं. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक, मागचे दिवे नसलेल्या. अंधार पडल्यावर या रस्त्याने येऊ नका, एवढंच सांगतो. तंबोरा मागच्या सीटवर आडवा, त्याच्या भोपळ्याखाली गादी, शेजारी आत्या एक हात त्यावर ठेवून. (वाद्य घेऊन जाणार असाल तर तारा थोड्या सैल करा आणि डिकीत अजिबात ठेवू नका.)

सतारमेकर गल्ली शोधावी लागत नाही. मिरजेत कुणालाही विचारा. इथली वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम आटलं, संस्थानाच्या आश्रयाने गवई येत-जात होते, त्यांची वाद्यं दुरुस्त करता करता या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी नवी घडवायला सुरुवात केली, असं सांगतात. आज त्याच घराण्यांच्या पुढच्या पिढ्या इथे बसतात.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते चाचा सत्तरीचे असतील. गवसणी उतरवल्यावर त्यांनी भोपळ्याकडे बघितलंच नाही. आधी तारेवरून नख फिरवलं.

"ताई, ही तार कुठली?"

आत्याने मोबाइलवरून मागवलेला संच. पाकीट देखणं, त्यावर सरस्वती, पण माल कुठे बनला याचा उल्लेख नाही.

"इथं जाड आहे, इथं बारीक. हिच्यावर मी जवारी काढली तरी दोन दिवसांत तुम्ही मला शिव्या देणार." मग त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तारेची वेटोळी, तेलकट कागदात गुंडाळलेली. "ही जर्मन. रोस्लाऊ कंपनीची."

आत्या चमकलीच. तिला वाटलं होतं इथे स्वदेशीवर प्रवचन ऐकायला मिळेल. चाचा हसले. "सगळं आपलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? चांगली तार असेल तर कुठलीपण चालेल. भोपळा तेवढा जर्मनीत होत नाही."

भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून, भीमेच्या काठावरून. खायचा नव्हे, कडू. वेलावरच पूर्ण पिकवून उन्हात खडखडीत वाळवतात. इथे आल्यावर तो माळ्यावर पडून राहतो. हवं तेव्हा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर खरवडतात आणि आतून काठ्यांचा ताण देऊन आकार पक्का करतात. माळ्यावर नजर टाकली तर लहान-मोठे पन्नासेक तरी भोपळे, प्रत्येकाचा घेर वेगळा. कुठला कुणाच्या तंबोऱ्याला, हे चाचांच्या डोक्यात. पुरुषाच्या खालच्या पट्टीला मोठा, बायकांच्या वरच्या पट्टीला त्याहून लहान. अवकाळी पावसाने वेल झोपला की इथलं पुढच्या वर्षीचं काम अडतं, आणि या मालाला पर्याय परदेशातच काय, दुसऱ्या जिल्ह्यातही सहज मिळत नाही. दांडीचं लाकूड तूनाचं. पूर्वी नक्षी हस्तिदंताची आणि घोडी, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात ती, सांबरशिंगाची असे. त्यावर कायद्याने बंदी आली, तेव्हापासून उंटाचं हाड, फायबर, प्लॅस्टिक. म्हणजे 'परंपरागत' वाद्यातही जे बदलायचं ते बदललेलंच आहे.

मग जवारी. हे काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. घोडी दिसायला सपाट पण खरं तर किंचित उतरती. वर्षानुवर्षं तार घासून तिच्यावर चरे पडतात. चाचांनी तारा बाजूला सारल्या, बारीक कानस घेतली आणि फक्त दोन-तीन हात फिरवले. भुकटी फुंकली. तार परत चढवली, छेडली, मान हलवली. परत उतरवली. परत कानस. असं किती वेळ चाललं हे सांगता येणार नाही, पण मधे दोनदा चहा झाला. प्रत्येक वेळी कानसेएवढीच शांतताही लागायची, गल्लीतून रिक्षा गेली की हात थांबायचा. शेवटी त्यांनी तारेखाली कापसाचा दोरा सरकवला आणि केसाएवढा पुढे-मागे करत राहिले. एका जागी आवाज एकदम उघडला. एकच तार, पण तिच्यातून वरचा गंधार स्वच्छ ऐकू यायला लागला. आत्याने डोळे मिटले, मग उघडून म्हणाली, "थोडी बंद ठेवा. माझा आवाज आता एवढी खुली जवारी पेलत नाही." चाचांनी परत कानस उचलली. हे दुकानातल्या तयार वाद्यात होत नाही. गाणारा समोर बसतो आणि वाद्य त्याच्या गळ्याच्या मापाने शिवलं जातं.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा विषय मीच काढला. तो तर परदेशी नव्हेच, बेंगळुरूत जन्मला, 1979 साली. आत्या स्वतः सकाळच्या शिकवणीला मोबाइलमधलाच लावते आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही. चाचांचाही राग नव्हता. त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये तो आहे. त्यांना राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा: कुठेतरी घाईघाईने जोडलेलं, कच्च्या लाकडाचं वाद्य मिरजेचं म्हणून विकलं जातं, सहा महिन्यांत दांडी वाकते आणि गिऱ्हाईक मिरजेला नावं ठेवतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे अमुक माल अमुक भागाचाच, ही सरकारी नोंद) मिळालं. गल्लीत त्याचा आनंद आहे, पण पुण्यामुंबईच्या किंवा ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक ते विचारतं का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाता जाता शेजारच्या दुकानात एक जुनी पेटी दिसली. मालकाने भाता हलवून दाखवला आणि अभिमानाने म्हणाला, "जर्मन सूर आहेत!" (सूर म्हणजे पेटीतल्या वाजणाऱ्या पितळी पट्ट्या.) पेटीच्या धंद्यात हे अजून सर्वांत मोठं प्रमाणपत्र. गंमत बघा, हार्मोनियम मूळ युरोपातलं, आकाशवाणीने 1940 पासून साधारण तीन दशकं त्याला दार बंद ठेवलं होतं, आणि आज गावोगावच्या भजनी मंडळाचं तेच घरचं वाद्य. सूर आता गुजरातेत पालिताण्यालाही चांगले बनतात, पण 'जर्मन' म्हटलं की किंमत चढते.

संध्याकाळी मीरासाहेब दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर त्याच आवारात आहे. 1937 मध्ये ते दक्षिणेत दौऱ्यावर असताना गेले, पण दफन मिरजेतच झालं. आत्या बराच वेळ बसली.

*जाणार असाल तर:* वाद्य सकाळी नेऊन द्या आणि एक मुक्काम गृहीत धरा. जवारी घाईत होत नाही, आणि नव्या तारा रात्रभर ताणल्या गेल्या की दुसऱ्या दिवशी परत एकदा हात फिरवावा लागतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात. तारांचे दोन जादा संच तिथूनच घ्या.

शुक्रवार: कोल्हापूर

सकाळी तंबोरा परत ऐकून घेतला आणि निघालो. वाटेत जयसिंगपूरला भडंग घेतलं, लसणाचा वास दिवसभर गाडीत.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये शिरलो की दोन्ही बाजूंना टांगलेल्या चपलांचे पडदे. बाहेर चारशे-पाचशेवाल्या चकचकीत, आत हजार-दोन हजारांच्या पुढच्या. चारशेवाली उचलून आत्याने वास घेतला. रेक्झिन. मी तळ वाकवला तर मधल्या थरातून पुठ्ठा डोकावला. यातली सगळी काही बाहेरच्या देशातून आलेली नाही बरं का. मशिनवर ठोकून, गोंदाने चिकटवून आपल्याकडेच बनते. नाव मात्र कोल्हापुरी.

खरी बनते कशी ते बघायचं म्हणून एका दुकानदाराच्या ओळखीने सुभाषनगरला एका कारागिराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत पाट्यासारखा दगड, त्यावर चामडं कुटणं चालू. तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून त्याला तो मातकट, गोडसर वास असतो. रापीने कापायचं, आरीने भोक पाडायचं आणि चामड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा नाही. वहिनी उंबऱ्याजवळ बसून वेणी विणत होत्या, बकऱ्याच्या कातड्याच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या, बोटं बघत नव्हत्याच, बोलणं आत्याशी चालू. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार, त्यातली काही नावं गावांवरून आलेली.

"प्राडाचं काय झालं हो?" असं विचारल्याशिवाय राहवेना.

"भावा, तू आजचा तिसरा," कारागीर दादा म्हणाले.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या महागड्या इटालियन ब्रँडने हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. इकडे गदारोळ झाला, मग त्यांनी मूळ कारागिरीचं ऋण मान्य केलं, त्यांचे लोक इथे येऊन कारागिरांना भेटून गेले, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इकडे करायचे, किंमत जोडीला 800 युरोंच्या आसपास. दोन राज्यं कशाला, असं वाटेल. पण कोल्हापुरीचं मानांकनच दोघांचं मिळून आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

दादांना त्या किमतीचं कौतुकही होतं आणि हसूही येत होतं. "आमची चप्पल तिकडं जाऊन लाखाच्या घरात पोचणार, आणि इथं पाव्हणं बाराशेला दोन मागतंय." त्यांची खरी अडचण चामड्याची. 2015 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचं कातडं मिळत नाही, म्हशीचं पुरत नाही, चेन्नईहून आणावं लागतं, दर वाढतो. मुलगा एमआयडीसीत जातो. मी त्याला विचारलं, घरचं काम का नाही? तो म्हणाला, एका जोडीला दिवस-दीड दिवस जातो, तेवढ्यात तिकडे पगाराची हजेरी लागते. यावर बाहेरून आलेल्याने काय बोलायचं? हातमागाच्या, हातकामाच्या गोडव्यात हा हिशोब बहुतेक वेळा गाळला जातो.

आणि दादा स्वतः घरात काय घालतात? रबरी स्लीपर. "पावसात हिला घालायचं नाय. भिजली की संपली. पाऊसपाण्यात रबरीच बेस." कुठली वस्तू कशासाठी, हे करणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त नीट कळतं.

आत्याने पायाचं माप कागदावर काढून दिलं. मी तयार कापशी घेतली, करकर वाजणारी.

*चप्पल घेताना:* तळ वाकवून कडेचे थर बघा. सगळे चामड्याचेच हवेत. शिवण वादीची आहे का बघा. नव्या चपलेला रात्री एरंडेल किंवा खोबरेल लावून ठेवा, पहिले काही दिवस घरातच तासभर घाला, अंगठा सोलवटेल तो सोलवटेल. थोडी घट्टच घ्या, ती सैल होते. काही ठिकाणी लिडकॉमचा क्यूआर कोड असलेली चप्पल मिळते, स्कॅन करून बघा.

रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला, पण लक्षात राहिला तो गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस उभी, समोर धार काढणार, पेल्यात फेसासकट कोमट दूध. आत्याने दोन पेले प्याले आणि साखर नको म्हणून सांगितलं.

शनिवार: आंबोलीमार्गे

निपाणी, आजरा, आंबोली. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला, पिशवी उघडली की वास दरवळतो. आंबोलीत हवा इतकी गार की नव्या चपलेतली बोटं बधिर झाली. धुकं, चहा, भजी. घाटात खाली उतरताना तासाभरात स्वेटर काढून पंखा लावायची वेळ.

शनिवार संध्याकाळ आणि रविवार: सावंतवाडी

मोती तलावाच्या काठी राजवाडा, आणि चालत जाण्याच्या अंतरावर चितार आळी. रंगीत लाकडी फळं, भातुकली, पाट, चौरंग. माझ्या लहानपणी केळी-सीताफळांचा हा संच प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या शोकेसमध्ये असे.

भाचीसाठी खेळणी बघत होतो. एक भोवरा फार आवडला, गुळगुळीत, लाल-पिवळ्या कड्यांचा. दुकानातल्या काकी म्हणाल्या, "ह्या आमचा नाय हां. चन्नपट्टणचा आसा." मी न विचारता सांगितलं हे विशेष. मग त्यांनीच फरक दाखवला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला लाकूड लेथवर फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाने लाख वितळून बसते, म्हणून रंग कड्याकड्यांचा आणि आतून आल्यासारखा चमकतो. सावंतवाडीचं काम ब्रशचं. फळ आधी लाकडात घडवायचं, भेगा बुजवायच्या, घासायचं आणि मग हाताने रंग भरायचे. त्यांनी एक आंबा हातात दिला. देठाजवळचा हिरवा खाली पिवळ्यात विरत गेलेला, एका बाजूला लालसर झाक, आणि सालीवर आंब्याला असतात तसे बारीक ठिपके. उलट करून बघितलं तर खालचा काळसर डागही सोडलेला नव्हता. "डाग कशाक?" विचारलं तर म्हणाल्या, "मगे आंबो कसो दिसतलो?"

चिनी खेळण्यांबद्दल त्या फारशा तावातावाने बोलल्या नाहीत. सरकारने आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के केलं, 2023 मध्ये 70. 2021 पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, हे बरं, नाहीतर प्रयोगशाळेच्या खर्चातच आळी बंद पडली असती. पण स्वस्त खेळणं अडवल्याने लाकडी आपोआप खपत नाही. पाच वर्षांच्या पोराला बटण दाबल्यावर ओरडणारी गाडीच हवी असते, आणि त्यात त्या पोराचं काही चुकत नाही. काकींकडे जास्त खप देव्हाऱ्यांचा आणि चौरंगांचा. मी फळांचा संच आणि तो चन्नपट्टणचा भोवरा, दोन्ही घेतले.

*टीप:* लाकडी फळं ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्यानेच पुसा. फार लहान मुलाला चघळायला द्यायचं असेल तर रंग कुठला वापरलाय ते आधी विचारा, खरं सांगतात.

रविवारी सकाळी राजवाड्यात गंजिफा बघायला गेलो. गोल पत्ते, दशावतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण 120. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. राजा, प्रधान आणि एक ते दहा. शिवरामराजे आणि राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात ही मरत आलेली कला वाचवली. अजून दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवतात. पूर्वी चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून, वर खडूचा लेप देऊन पान तयार होई आणि पाठीला लाख. आम्ही उभे होतो तिथे एक मुलगी कूर्माच्या पानाची किनार ओढत होती. ब्रशला पाच-सात केसच असावेत. किनार पुरी होईपर्यंत तिने श्वास सोडला नाही असं आत्याचं म्हणणं.

आणि हा खेळ तरी मूळचा इथला कुठे? गंजिफा इराणकडून आली. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद आहे. मुघलांची गंजिफा आठ रंगांची, 96 पानांची. इकडे आल्यावर तिच्यात दशावतार शिरले. मग छापील बावन्न पानी जोड आला, स्वस्त, खिशात मावणारा, हरवला तर दुसरा घेता येणारा, आणि गंजिफा मागे पडली. तो जोड निकृष्ट होता म्हणून नव्हे. तो सोयीचा होता. गाडीतल्या वादात आत्याची बाजू इथे थोडी ढिली पडली. अर्थात तिने ते कबूल केलं नाही, उलट दुकानात जाऊन लहान आकाराचा एक संच घेतला. किंमत ऐकून मी गप्प बसलो. 120 पानं हाताने रंगवायची तर ती कमीच आहे.

संध्याकाळी बांगड्याचं जेवण होईपर्यंत वेळ होता, म्हणून मुक्कामाच्या घरातल्या काकांना धरून तिघांत डाव मांडला. (गंजिफाला तिघे लागतात.) बरोबर आलेला नियमांचा कागद मोठ्याने वाचला. पाच अवतारांत दश्शीकडून मोजायचं, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का वर. दिवसा खेळलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने डाव सुरू करायचा, दिवे लागल्यावर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने. दिवे लागले होते, कृष्णाचा राजा माझ्याकडे होता. पण खिडकीतून बाहेर बघून आत्याचं म्हणणं पडलं की अजून उजेड आहे, आणि तिच्याकडे राम होता. काका यजमान, पाहुण्याबाईंना कसे नाही म्हणणार? पहिला हात तिने घेतला, दुसराही घेतला, आणि सोलकढी येईपर्यंत माझ्या हातातले सगळे मोठे पत्ते बाहेर पडले होते.